गळ्याला मालक नको

"माझ्या गळ्याला मालक नको," असं सांगून ताईने दोन वर्षांपूर्वी म्युझिक कंपनी सोडली आणि स्वतःचं गाणं स्वतःच इंटरनेटवर टाकलं. त्याचा गाजावाजा करायला पूर्वी कंपनीची माणसं असायची, आता तेही हिच्याच गळ्यात. सकाळी मोबाइलसमोर बसून लोकांशी गप्पा, दुपारी मुलाखती, संध्याकाळी एकेका श्रोत्याला स्वतःच्या आवाजात निरोप. दोन दिवस दिसलं नाही की लोक विसरतात म्हणे.

गेल्या महिन्यात तिचा आवाज फाटायला लागला. परवा तोंडातून नुसती हवा यायला लागली, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घशात नळी घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन गाठी, एकमेकींसमोर.

"गाणाऱ्यांना होतं हे. गळा फार ताणलात तुम्ही," ते म्हणाले. "ऑपरेशन करू. पण वरचे सूर परत येतील असं मी सांगणार नाही. आणि त्यानंतर सहा महिने गाणं बंद, एक ओळसुद्धा नाही. राहवेल?"

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि तो डॉक्टरांपुढे धरला.



"गाणं दोन वर्षं बंदच आहे, डॉक्टर. या गाठी 'ऐका हो ऐका' करून आल्यात."