काळा ठोकळा

"तुझं बॅगपाइप म्हणजे शेपटीवर पाय पडलेलं मांजर! मी काळा ठोकळाच टाकणार," टॉर्किल आजोबांनी नाश्त्यालाच नातीला, मोरागला बजावलं.

शाळेने हाकललेल्या तिच्या पथकाला सरावासाठी फ्रीमेसन लॉजचं, म्हणजे आजोबांच्या बंधुसंघाचं, सभागृह द्यायचं का, यावर आज सभासदांचं गुप्त मतदान होतं. होकाराला पांढरी गोळी, नकाराला काळा चौकोनी ठोकळा. एक जरी ठोकळा निघाला, तरी संपलं!

"पण चौकोनी का हो?"

"आंधळ्याच्याही हाताला कळावं, चूक होऊ नये म्हणून."

संध्याकाळी लॉजच्या दाराबाहेर मोराग नखं खात बसली होती. आजोबा लॉजच्या सभेत बांधायचा एप्रन काखोटीला मारून बाहेर आले.

"सगळ्या पांढऱ्याच निघाल्या," ते पुटपुटले.

"आणि तुमचा ठोकळा?"

"चष्मा घरी राहिला गं. काळं-पांढरं दिसलंच नाही."