पहिली हाक

"रुग्णाचं नाव सांगा," औषधाच्या पंपाने पुन्हा विचारलं.

"अरे बाबा, बारसंच व्हायचंय अजून," हर्षदा वैतागली. तिची चार दिवसांची लेक तापाने मलूल पडली होती.

"'हर्षदाचं बाळ' म्हटलेलं त्याला चालत नाही, ताई," सिस्टर म्हणाली. "तसल्या नावांमुळेच पूर्वी बाळांच्या औषधांची अदलाबदल व्हायची."

"नाव माझ्या नणंदेच्या मनात आहे. बारशाआधी ती मलासुद्धा सांगायची नाही."

"मग औषध बारशानंतर द्यायचं का?"

शेवटी हर्षदाने स्वतःच्या मनात जपलेलं नाव दात-ओठ खात पंपाला सांगितलं.

"रेवा, औषध सुरू करतो," पंप मोठ्याने म्हणाला. बाळाने डोळे उघडले.

हर्षदाला रडू फुटलं. आत्याच्या आधी, आईच्याही आधी, लेकीला पहिली हाक यंत्राने मारली होती.