शेवटच्या वर्षाचे डबे

ऑरिनने स्वतःच्या हाताने भरलेली काडतुसं तळघरातल्या कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं जपली होती. प्रत्येक डब्यावर तारीख आणि बंदुकीच्या दारूचं वजन. तो गेल्यापासून डबे कमी होत होते. आज त्याच्या बायकोने, व्हर्नाने, दिराला डबे पोत्यात भरताना पकडलंच. "मर्ल, भाऊ जाऊन महिना नाही झाला, आणि डबे विकायला काढलेस?" "विकत नाहीये मी." "मग जुने सोडून नवेच बरे उचलतोस!" मर्ल पायरीवर बसला. "शेवटच्या वर्षी त्याला काही आठवायचं नाही गं. एकाच काडतुसात दोनदा दारू ओतायचा. ते उडवलं तर बंदूक तोंडावरच फुटेल. तुला कळू नये म्हणून त्याने शपथ घातली होती." व्हर्ना डब्यावरचं थरथरतं अक्षर बघत राहिली. मग तिने उद्याच्या हरणाच्या शिकारीसाठी कोटात ठेवलेली पाच काडतुसं काढली आणि मर्लच्या हातात दिली.