फाटकाच्या आतला दवाखाना

मंगरूळपीरजवळच्या एका डाळ मिलचा मुकादम मजुरांना मारायचा, पण हात राखून. कारण डोकं फुटलेल्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागे आणि तिथून पोलिसांना कळे. इतक्या वर्षांत मशीनमध्ये बोटं गमावलेली एकेक बाई मिलमध्येच राबणाऱ्या भागिरथाला नावानिशी आठवे. म्हणून मालकाच्या मागे लागून तिनेच मिलच्या फाटकाच्या आत दवाखाना उघडायला लावला.

पुढच्याच आठवड्यात, पोतं फाटलं एवढ्यावरून, मुकादमाने तिच्या प्रसेनजितला लोखंडी सळईने रक्तबंबाळ होईस्तोवर झोडपलं. भागिरथा लेकाच्या अंगावर आडवी पडली. "सोड रे, मरून जाईल ना माह्यं लेकरू."

मुकादमाने सळई पुन्हा उचलली.


"कायले भेऊन राह्यली बाई? आता आपला दवाखाना हाये ना."