एक माणूस कमी

"खैरमोडे, उद्यापासून तोंड दाखवू नका!" थिनरच्या कारखान्याचे मालक फाटकावरच कडाडले आणि जप्त झालेला आपला लायटर हिसकावून केबिनमध्ये आले.

काय उच्छाद मांडला होता त्या सुरक्षा अधिकाऱ्यानं! आत येणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी काढून घ्यायचा. आज तर पाहुण्यांदेखत खुद्द मालकांचे खिसे चाचपले! शिवाय दर महिन्याला भोंगा वाजवून सगळ्यांना मैदानात उभं करायचा आणि डोकी मोजायचा. म्हणे, आगीचा सराव!

मालकांनी सिगारची पेटी उघडली. बारीक नको. दहा वर्षांची पीडा गेली होती, ती काय दोन झुरक्यांत साजरी करायची? त्यांनी सगळ्यात जाड सिगार निवडली, ओठांत धरली आणि लायटर काढला. "आता कोण आडवा येतो बघू!"

काचेतून ते कामगारांनी पाहिलं. भोंगा वाजला. हातातलं काम टाकून सगळे रांगेनं बाहेर पडले.

"अरे, इथं मालक कोण आहे?" मालक ओरडले. ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

दार उघडलं. जेवणाचा डबा काखेत धरून खैरमोडे धापा टाकत उभा होता.

"साहेब, बाहेर चला. मोजणीत एक माणूस कमी भरतोय."