उघाडीतले शहात्तर

"शहात्तर! चढवा नं, बाबा."

खिडकीबाहेर कीर्ती घामाघूम उभी होती. केवळरामने पोरीचं कार्ड दोनदा तपासलं. नाकाडोंगरीजवळच्या खाणीच्या क्लबात तो बावीस वर्षं गोल्फचे स्कोअर नोंदवत होता.

"आज नऊ ऑगस्ट आहे, पोरी."

जुलै ते सप्टेंबर मैदान चिखलाचं असतं, म्हणून त्या तीन महिन्यांतले स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्यासाठी, धरत नाहीत. यंदा मात्र आठ दिवस थेंब नव्हता, जमीन टणक झाली होती. कीर्तीचा हँडिकॅप दहाच्या जरासा वर होता. खेळाडूंच्या राखीव जागेतल्या नोकरीसाठी तो दहाच्या आत हवा होता. हँडिकॅपचा दाखला द्यायची मुदत ऑगस्टअखेर, आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं.

"तीस जून टाका," ती हळूच म्हणाली. "खेळली तर मी खरंच नं? मग तारखेसाठी काहून अडून राहिले?"

केवळरामने खिडकी लावून घेतली. मग त्याने वळणदार अक्षरात तीस जून लिहिलं.

दाखला मिळाला. नऊ पूर्णांक आठ. उषाबाईने, कीर्तीच्या आईने, आळीभर साखर वाटली.

सप्टेंबरात गोल्फ संघटनेचं पत्र आलं. दाखल्यांची तपासणी करताना त्यांनी त्या तारखांच्या पावसाच्या नोंदीही मागवल्या होत्या. तीस जूनला त्या पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. मैदान दिवसभर बंद होतं आणि बंदच्या सूचनेखाली सही केवळरामचीच होती; ते त्याच्या ध्यानातून गेलं होतं. दाखला रद्द झाला. बापाने नोंदवलेले म्हणून कीर्तीचे आधीचे सगळे स्कोअरही रद्द झाले.

"ते तर सारे खरे होते," केवळराम म्हणाला.

कीर्ती भिंतीकडे बघत होती. "आता कोणाले सांगता, बाबा?"

एक ऑक्टोबरला स्कोअर पुन्हा धरायला सुरुवात झाली. खिडकीत नवा माणूस बसला होता. नोकरीचे उरलेले दिवस काढायला केवळरामला कुंपणाच्या फाटकावर बसवलं होतं. तिथून मैदान दिसत होतं. पावसाळ्यात माजलेलं गवत बाया कापत होत्या. त्यांत उषाबाई होती, आणि तिच्या बाजूला डोक्याला दुपट्टा गुंडाळून कीर्ती.

कोणाचा तरी चेंडू उडत आला आणि कीर्तीच्या विळ्यासमोर गवतात थांबला. गोल्फमध्ये चेंडू पडेल तसाच खेळायचा, भोवतीचं गवतही हलवायचं नाही.

ती थबकली. तिने मान वर केली नाही. चेंडूभोवतीचं वीतभर गवत तसंच उभं ठेवलं आणि ती पुढे कापत गेली.