दहाव्याचा कावळा

पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

"बाबा, आईची काळजी आम्ही घेऊ," कौस्तुभने पुन्हा हात जोडले. गुरुजींनी चुळबुळत घड्याळ पाहिलं.

विभावरीबाई वैतागल्या. सत्तरीच्या त्या आणि त्यांचा मुलगा बहीणभाऊ वाटत. दरवर्षी त्या स्वतःच्याच पोटाची चरबी काढून चेहऱ्यात भरून घेत. ती तिथे रुजायची, कातडी नवी करायची. हल्ली सगळेच हे करत. हेमकांतराव तेवढे एकटे म्हातारे झाले. हॉटेलात वेटर त्यांना बायकोचे वडील समजे, तेव्हा ते नुसते हसत. "तुला हवं ते कर," एवढंच म्हणत.

ऊन चढलं. विभावरीबाई तरातरा पिंडापाशी आल्या.

"हवंय तरी काय तुम्हाला? माझे गाल? बरं, नाही भरणार यापुढे. होते म्हातारी. झालं समाधान?"

एका कावळ्याने झेप घेतली आणि पिंडाला चोच मारली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विभावरीबाई मात्र त्या कावळ्यावरच खेकसल्या, "अहो, मग हे जिवंतपणी तोंडाने सांगायला काय झालं होतं?"